दहा माणसांची सभा

चैत्र सरून वैशाख लागला, की आपल्याकडे व्याख्यानांचा हंगाम सुरू होतो. शाळा-कॉलेजांना सुट्टी असते, कचेरीची वेळ लवकर आटोपते, आणि उन्हाने तापलेला दिवस मावळला म्हणजे माणसे अंगणात, गच्चीवर किंवा एखाद्या वाचनालयाच्या आवारात जमतात. न्यायमूर्ती रानड्यांच्या प्रेरणेने पुण्यात 1875 साली वसंत व्याख्यानमाला सुरू झाली, तेव्हा तिच्या चालकांनी हाच ऋतू निवडला, यात ऋतुमानाची जाण होती. परंतु उन्हाळ्यात जमून चार शब्द ऐकण्याची ही रीत आपल्याच शेजारी राहणाऱ्या एका लहान समाजाने फार जुन्या काळापासून धर्माचरण म्हणून पाळली आहे, हे आपल्यापैकी थोड्यांना ठाऊक असेल. तो समाज म्हणजे बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे आपले ज्यू बांधव. आज त्यांच्या उन्हाळी सभांविषयी, त्या सभांतील चित्रांविषयी आणि शेवटी फिरणाऱ्या वर्गणीच्या पेटीविषयी काही सांगावयाचे आहे. आणि ते सांगताना आपण वारंवार बडोद्यास येणार आहोत.

कोकणातील अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर एक जहाज फुटले, त्यातून सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, आणि त्यांचाच वंश पुढे वाढला, अशी या समाजाची परंपरागत कथा आहे. तेलाचा घाणा हा त्यांचा धंदा. शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून गावकऱ्यांनी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटले. गावावरून आडनावे पडली: केहिमकर, दिवेकर, राजपूरकर, पेणकर, चेऊलकर. पुढे इंग्रजी अमदानीत ही मंडळी पलटणींत, रेल्वेत, इस्पितळांत आणि कचेऱ्यांत शिरली. सॅम्युएल इझिकेल दिवेकर या पलटणीतील अधिकाऱ्याने 1796 साली मुंबईत समाजाचे पहिले सिनेगॉग बांधले. समाजातील वडील माणसे त्याला ‘मशीद’ म्हणत, आणि मुंबईच्या मशीद बंदर स्थानकाचे नाव त्यावरूनच आले, असे सांगतात. नोकरीच्या निमित्ताने काही कुटुंबे रेल्वेमार्गाने उत्तरेकडे, गुजरातेत गेली. त्यांपैकी काही अहमदाबादेस राहिली, काही बडोद्यास.

येथे एक अडचण उभी राहिली, आणि आजच्या भाषणाचे मर्म तिच्यातच आहे. ज्यू धर्मात सार्वजनिक प्रार्थनेला दहा प्रौढ पुरुषांची उपस्थिती लागते. नऊ असले तर प्रत्येकाने आपापली प्रार्थना करावी; पण धर्मग्रंथाची गुंडाळी सर्वांसमक्ष उघडता येत नाही, आणि मृतासाठी म्हणावयाची कद्दिश ही प्रार्थनाही म्हणता येत नाही. मुंबईत दहा माणसे कोणत्याही गल्लीत मिळत. परंतु बदलीच्या गावी, जेथे चार घरे रेल्वेच्या वसाहतीत आणि दोन घरे शहराच्या दुसऱ्या टोकाला, तेथे दहावा माणूस मिळणे हीच मोठी गोष्ट होती. अशा ठिकाणी सिनेगॉग उभे राहणे कठीण. मग समाज टिकावयाचा कशावर? याचे उत्तर असे, की तो सभेवर टिकतो. प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. पण व्याख्यानाला, कीर्तनाला, मलिद्याला किंवा चित्रे पाहावयास संख्येची अट नाही. तेथे बायका येतात, मुले येतात, शेजारचा जोशी येतो आणि पलीकडचा पटेलही येतो.

ज्यू पंचांगात वल्हांडणाचा सण साधारणपणे चैत्राच्या सुमारास येतो, आणि त्यानंतर सात आठवडे मोजून शाबुओथचा सण येतो. मधल्या एकोणपन्नास दिवसांची रोज मोजणी करावयाची असते. या काळात बहुधा लग्नकार्ये करीत नाहीत. त्याऐवजी, शनिवारी दुपारी जमून ‘पूर्वजांची वचने’ या नावाच्या छोट्या ग्रंथाचा एकेक अध्याय वाचावा आणि त्यावर चर्चा करावी, अशी प्रथा जगभरच्या ज्यू समाजांत शतकानुशतके चालत आली आहे. शाबुओथच्या रात्री तर पहाटेपर्यंत जागून अध्ययन करावयाचे. म्हणजे वैशाखातील दीर्घ दुपारी, विश्रांतीचा वार, घरातील मंडळी आणि समोर एक ग्रंथ, ही उन्हाळी व्याख्यानमालाच नव्हे काय? पुण्याच्या वसंत व्याख्यानमालेचा आणि या प्रथेचा परस्परांशी संबंध नाही. पण दोघांनाही उष्ण ऋतूतील निवांत वेळेचा एकच उपयोग सुचला, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

शनिवारी मात्र दोन गोष्टी वर्ज्य. एक म्हणजे दिवा पेटविणे आणि दुसरी म्हणजे पैशाला हात लावणे. त्यामुळे व्याख्यान दुपारी होऊ शकते, पण जादूचा कंदील लावावयाचा किंवा वर्गणी गोळा करावयाची तर सूर्य मावळून आकाशात तीन तारे दिसेपर्यंत थांबले पाहिजे. वैशाखात बडोद्यास सूर्य सातच्या पुढे मावळतो. म्हणजे शनिवारी चित्रे दाखवावयाची तर कार्यक्रम रात्रीचाच. पडद्यावरील चित्राला अंधार हवा, वर्गणीला शब्बाथ संपावयास हवा, आणि श्रोत्यांना थोडा वारा हवा. या तिन्ही गरजा एकाच घटकेला भागतात.

अशा सभेचा मराठी नमुना बेने इस्राएलांनी स्वतःच घडविला, आणि तो त्यांना आपल्या घराशेजारीच सापडला. तो म्हणजे हरिकीर्तन. 1880 साली मुंबईतील काही तरुणांनी कीर्तनोत्तेजक मंडळ काढले. हिंदू कीर्तनकाराची मांडणी तशीच ठेवून त्यांनी कथा मात्र आपल्या घेतल्या: अब्राहामाची, योसेफाची, मोशेची, एस्तेर राणीची. बेंजामिन शिमशोन अष्टमकर हे त्यांचे गाजलेले कीर्तनकार. साकी, दिंडी, आर्या, ओवी, अभंग ही सगळी वृत्ते त्यांच्या पदांत उतरली. फाराओच्या दरबारातील योसेफाचे चरित्र साकीच्या चालीवर ऐकताना कोणा चित्पावन किंवा पाठारे प्रभू श्रोत्याला परके वाटले नसेल. जोसेफ इझिकेल राजपूरकरांनी हिब्रू प्रार्थनांची मराठी भाषांतरे केली. त्यामुळे ज्याला हिब्रू अक्षर लागत नव्हते त्यालाही आपण काय म्हणतो ते कळू लागले. धर्म टिकवावयाचा तर तो समजणाऱ्या भाषेत पोहोचला पाहिजे, हे या मंडळींनी ओळखले होते.

आता बडोद्याकडे वळू. सयाजीराव महाराज तिसरे 1875 साली गादीवर आले आणि 1939 पर्यंत त्यांनी राज्य केले. त्यांच्या सुधारणांची यादी आपणांस पाठ आहे. तिच्यातील तीनच गोष्टी आपल्या विषयापुरत्या घेऊ. पहिली म्हणजे ग्रंथालये. 1910 साली महाराजांनी अमेरिकेहून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालास बोलावून घेतले आणि राज्यभर वाचनालयांचे जाळे विणविले. त्या खात्याची दृश्यशिक्षणाची एक स्वतंत्र शाखा होती. तिच्याजवळ जादूचे कंदील होते, काचेवरील चित्रे होती, दोन डोळ्यांनी पाहावयाची उठावदार छायाचित्रे होती आणि चलच्चित्रांची यंत्रेही होती. ही सामग्री घेऊन माणसे खेड्यापाड्यांत जात आणि लोकांना फुकट चित्रे दाखवीत. वाचता न येणाऱ्यालाही ग्रंथालयाचा लाभ व्हावा, हा त्यामागचा विचार. ज्ञान आणि करमणूक एकाच पडद्यावर आणण्याचा हा उद्योग बडोदे संस्थानाने चित्रपटगृहांचा सुळसुळाट होण्यापूर्वी केला.

दुसरी गोष्ट कलाभवन. 1890 साली निघालेल्या या संस्थेत धुंडिराज गोविंद फाळके नावाचा एक तरुण चित्रकला आणि छायाचित्रण शिकला. त्याच दादासाहेब फाळक्यांनी 1913 साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला. त्यांना तारामतीच्या कामासाठी स्त्री मिळाली नाही, पुरुषाला लुगडे नेसवावे लागले, ही हकीकत सर्वश्रुत आहे. पुढे 1920 नंतर कुलीन समजल्या जाणाऱ्या घरांतील स्त्रिया अजून पडद्यापासून दूर असताना, ज्या थोड्या स्त्रियांनी धैर्याने कॅमेऱ्यासमोर उभे राहून ती वाट मोकळी केली, त्यांत ज्यू मुली ठळकपणे दिसतात. पुण्यात जन्मलेल्या रूबी मायर्स ‘सुलोचना’ या नावाने मूकपटाच्या सम्राज्ञी झाल्या. त्या बगदादी ज्यू घराण्यातील. 1973 सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांनाच मिळाला. ज्या कलावंताला एकेकाळी नायिका मिळत नव्हती, त्याच्या नावाचा सन्मान एका नायिकेस मिळावा, याहून समर्पक परतफेड कोणती?

बेने इस्राएलांचा चित्रपटाशी संबंध याहूनही जवळचा. ‘आलम आरा’ हा पहिला हिंदी बोलपट 14 मार्च 1931 रोजी गिरगावच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात लागला. तो ज्या नाटकावरून घेतला त्याचे लेखक जोसेफ डेव्हिड पेणकर, कुलाब्याकडच्या पेणचे नाव धारण करणारे. ठाण्यास 1909 साली जन्मलेले डेव्हिड अब्राहम चेऊलकर यांना आपण सारे नुसते ‘डेव्हिड’ म्हणून ओळखतो. ‘बूट पॉलिश’मधील त्यांचा जॉनचाचा 1954 नंतर कोण विसरला आहे? या गृहस्थाची दुसरी ख्याती अशी, की सभेचे सूत्रसंचालन करावे तर त्यांनी. खुसखुशीत बोलून श्रोत्यांना खुलविण्याची त्यांची हातोटी आणि शंभर वर्षांपूर्वीच्या कीर्तनकाराची हातोटी यांचे कूळ एकच, असे मला वाटते.

तिसरी गोष्ट म्हणजे माणसांची पारख. बडोद्याच्या कॉलेजात जगातील धर्मांच्या तौलनिक अभ्यासासाठी प्राध्यापक नेमला गेला आणि आल्बन विजरी यांनी तो विषय तेथे शिकविला. 1933 साली शिकागोस भरलेल्या सर्वधर्म परिषदेत महाराज स्वतः बोलले. अशा राज्यात एखाद्या लहान धर्माचा माणूस विद्येच्या बळावर आला, तर त्याला दार मोकळे होते. याची दोन उदाहरणे देतो.

पहिले उदाहरण रिबेका रूबेन यांचे. 1889 साली जन्मलेल्या या बेने इस्राएल मुलीने पुण्याच्या हुजूरपागेत शिकून 1905 सालच्या मॅट्रिक परीक्षेत मुंबई विद्यापीठात पहिला क्रमांक मिळविला. मुलींनी मॅट्रिकला बसणे हेच अप्रूप होते, त्या काळातील ही गोष्ट. पुढे विलायतेत शिक्षणशास्त्राचा अभ्यास करून त्या परतल्या आणि बडोद्याच्या स्त्री-शिक्षिकांच्या ट्रेनिंग कॉलेजात त्यांनी काम केले. नंतर भावनगरास आणि 1922 पासून मुंबईस आपल्या समाजाच्या शाळेत. त्या शाळेचे मुख्याध्यापकपद त्यांनी 1950 पर्यंत सांभाळले. 1917 ते 1920 या काळात त्यांनी समाजाचे वार्षिक संपादिले. ज्या बाईंनी बडोद्यास शिक्षिका घडविल्या, त्यांनीच पुढे आपल्या समाजाची पिढी घडविली.

दुसरे उदाहरण एर्न्स्ट कोहन-वीनर यांचे. हे बर्लिनचे कलेतिहासकार. सायंकाळी कामकरी आणि कारकून मंडळींना चित्रे दाखवून कलेचा इतिहास सांगणे, हा त्यांच्या जीवनक्रमाचा भाग. 1929 साली त्यांनी ज्यू कलेवर ग्रंथ प्रसिद्ध केला. 1933 साली जर्मनीत हिटलरची सत्ता आली आणि जन्माने ज्यू असलेल्या या विद्वानाची उपजीविका गेली. 1934 साली सयाजीरावांच्या बडोद्याने त्यांना बोलावून संग्रहालयाची आणि चित्रशाळेची मांडणी त्यांच्या हाती सोपविली. कमाटी बागेतील त्या संग्रहालयात आजही जो युरोपीय चित्रसंग्रह आपण पाहतो, त्याच्या व्यवस्थेवर या परागंदा माणसाचा हात फिरलेला आहे. 1939 साली ते अमेरिकेस गेले आणि 1941 साली तेथेच वारले.

याच सुमारास मुंबईत निधी जमविण्याच्या सभांना एक नवे आणि कठोर प्रयोजन मिळाले. 1934 साली तेथे ज्यू मदतमंडळ स्थापन झाले. युरोपातून जीव घेऊन आलेल्यांना उतरून घेणे, त्यांची हमी देणे आणि त्यांना काम मिळवून देणे हे त्याचे कार्य. प्रागहून आलेले वॉल्टर कॉफमन हे संगीतकार त्या आश्रितांपैकीच एक. 1937 पासून ते मुंबईच्या नभोवाणी केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचे काम पाहत होते. श्रोतेहो, पहाटे केंद्र उघडताना तंबोऱ्याच्या साथीवर व्हायोलिनचे जे सूर पिढ्यान्‌पिढ्या आपण ऐकत आलो, त्या परिचयधूनीचे श्रेय याच कॉफमनना दिले जाते. आश्रयाला आलेल्या माणसाने यजमानाच्या घराला पहाटेचा सूर दिला. वर्गणीच्या पेटीत पडलेल्या आण्याचे मोल कशात मोजावे, हे यावरून ठरवावे.

वर्गणीविषयी ज्यू धर्माची दृष्टीही समजून घेण्याजोगी आहे. तिला ते दया म्हणत नाहीत. हिब्रूतील ‘सदाका’ या शब्दाचे मूळ न्याय या अर्थाच्या धातूत आहे. देणारा उपकार करीत नाही, तो आपल्याकडचे दुसऱ्याचे देणे फेडतो. बाराव्या शतकातील मैमोनिदिस या पंडिताने दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या. त्यांतील सर्वांत वरची पायरी म्हणजे माणसाला कर्ज, भागीदारी किंवा काम देऊन स्वतःच्या पायावर उभे करणे. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी 1875 साली मुंबईत समाजाची शाळा काढली, तीही याच पायरीवर उभी राहून. घरोघर हिंडून, परदेशातील ज्यू संस्थांना पत्रे लिहून त्यांनी तिच्यासाठी पैसा उभा केला. पुढे सर एली कदुरी यांच्या देणगीमुळे त्या शाळेस त्यांचे नाव मिळाले.

परंतु निधी कोणासाठी जमवावयाचा, या प्रश्नावर या समाजाला एक अवघड निवडही करावी लागली. 1897 साली बाझेल येथे पहिली झायनवादी परिषद भरली. तिचे निमंत्रण मुंबईस आले, तेव्हा येथील धुरीणांनी ते नम्रपणे नाकारले. पूर्वजांच्या भूमीस परत नेण्याचे कार्य ईश्वराच्या हातचे आहे, आम्ही त्याची वाट पाहू, अशी त्यांची भूमिका. 1920 साली मुंबईत झायनवादी संघ निघाला. 1921 साली इस्राएल कोहेन हे त्या चळवळीचे प्रतिनिधी निधीसाठी मुंबईस आले. नंतरच्या काळात अशा प्रचाराला चित्रपटाची जोड मिळाली. 1935 साली त्या चळवळीच्या पायाभूत निधीसाठी ‘लँड ऑफ प्रॉमिस’ हा बोलपटच काढण्यात आला. ओसाड जमिनीत पेरणी करणारे तरुण, नवी गावे, नवी गाणी. कारकुनी करणाऱ्या, बदलीच्या गावी दहावा माणूस शोधणाऱ्या कुटुंबाला अशा चित्रांचे काय वाटले असेल, याची कल्पना करता येते. तेथे दहावा माणूस शोधावा लागणार नव्हता.

भारत स्वतंत्र झाला तेव्हा देशात सुमारे 20 हजार बेने इस्राएल होते. 1948 साली इस्राएलचे राज्य स्थापन झाले आणि हळूहळू कुटुंबे निघाली. छळाला कंटाळून ती गेली नाहीत. या भूमीत त्यांचा धर्मासाठी छळ कधी झाला नाही, हे ते स्वतः अभिमानाने सांगतात. ती ओढीने गेली. आणि तेथे गेल्यावर काय घडले? तेथील धर्मपीठाने 1961 नंतर त्यांच्या विवाहांबाबत वंशाची चौकशी सुरू केली. ज्यांनी दोन हजार वर्षे घाणा थांबवून शनिवार पाळला, असे त्यांची परंपरा सांगते, त्यांना आपण ज्यू असल्याचा पुरावा मागण्यात आला. त्यांनी जेरुसलेममध्ये धरणे धरले, आणि 1964 साली तेथील लोकसभेने व सरकारने ते सर्वार्थाने ज्यू आहेत असे जाहीर केले. सभेत जमावयाचे, बोलावयाचे आणि शांतपणे हटून बसावयाचे, ही सवय त्यांनी मुंबई-पुण्याच्या वातावरणातून नेली होती, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होऊ नये.

मात्र इकडे सभा ओस पडल्या, हेही खरे. दूरच्या भूमीसाठी पेटीत नाणे टाकता टाकता नाणे टाकणारेच निघून गेले. 2011 च्या जनगणनेत सबंध भारतात ज्यूंची संख्या साडेचार हजारांहून थोडीच अधिक भरली. महाराष्ट्राने 2016 साली त्यांना अल्पसंख्याक म्हणून मान्यता दिली. पुढे गुजरातनेही दिली. गुजरातेत प्रार्थना चालू असलेले सिनेगॉग एकच, अहमदाबादचे 1934 सालचे मागेन अब्राहम. बडोद्याहून ते शंभर-एक किलोमीटरवर. म्हणजे बडोद्याच्या ज्यू माणसापुढचा प्रश्न आजही तोच: दहावा कोठून आणावा?

तरी मला या कथेचा शेवट उदास वाटत नाही. इस्राएलमधील लोद या गावाहून 1985 पासून ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक निघाले. ज्यांची मुले हिब्रू बोलतात, त्या आजी-आजोबांनी ते चालविले. तेथे मलिद्याचे ताट आजही भरते: पोहे, गूळ, ओले खोबरे, फळे, आणि मध्ये एलियाहू पैगंबराचे नाव. पूर्वी गुजरातेत राहून त्यांनी कोकणाची आठवण जपली, आता तेथे राहून ते महाराष्ट्राची जपतात. समाजाला जिवंत ठेवणारी गोष्ट म्हणजे ठरल्या वेळी एकत्र जमण्याची शिस्त. दगडी इमारत त्या शिस्तीचे फळ होय, मूळ नव्हे.

आणि यात आपल्यासाठीही एक बोध आहे. बडोद्याच्या मराठी मंडळींची संख्या एकेकाळी मोठी होती. तीही आता विरळ होत चालली आहे. कोणत्याही परगावातील महाराष्ट्र मंडळाच्या चालकास विचारून पाहा. गणेशोत्सवास गर्दी होते, पण वैशाखातील व्याख्यानास किती खुर्च्या भरतात? आपण बहुसंख्य असतो तेव्हा सभेची किंमत आपणास कळत नाही, कारण आपल्यावाचून कोणाचे अडत नाही. ज्या समाजात एक माणूस न आल्याने प्रार्थनाच थांबते, त्या समाजातील माणसाला आपल्या उपस्थितीचे मोल ठाऊक असते. तो उन्हातून चालत येतो. कारण त्याला माहीत असते, की नऊ माणसे दाराकडे डोळे लावून बसली आहेत.

यंदाच्या उन्हाळ्यात आपल्या गावी कोठे व्याख्यान असेल, कोठे एखाद्या चांगल्या कामासाठी पेटी फिरणार असेल, तर आपणच तो दहावा माणूस आहो असे समजून जावे, एवढीच विनंती.